खत आणि गहाणखत

मराठीत ‘खत’ हा शब्द दोन घरी नांदतो. एका घरी तो शेण, लेंड्या, पालापाचोळा आणि अलीकडे पांढऱ्या दाण्यांच्या गोणीच्या रूपाने राहतो. दुसऱ्या घरी त्याचे रूप कागदाचे : खरेदीखत, साठेखत, बक्षीसखत, गहाणखत. भाषेचे जाणकार सांगतील की हे दोन शब्द मुळात एक नव्हेत. लिखाणाचे खत अरबी-फारसीच्या वाटेने आले, आणि मातीचे खत त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या उकिरड्यावर पडलेलेच होते. सांगोत बापडे. व्युत्पत्तीने तोडलेले हे नाते व्यवहाराने मात्र असे काही जुळवून आणले आहे की, एक खत शेतात पडले म्हणजे दुसरे कुठेतरी लिहिले जात आहे, अशी शंका मला नेहमी येते. ते कोण लिहितो आणि गहाण काय पडते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचायच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, आमच्या नाशिक जिल्ह्यात दिवाळी आणि खताची मागणी एकाच मुहूर्तावर येतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची ऑक्टोबरातली छाटणी उरकलेली असते, नव्या फुटीला अन्न हवे असते. उन्हाळ कांद्याची रोपे वाफ्यांत उगवत असतात. गहू-हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते. शहरात आकाशकंदील लागतात त्याच दिवसांत पिंपळगाव, लासलगाव, चांदवडच्या कृषी सेवा केंद्रांसमोर ट्रॅक्टर उभे राहतात. पाडव्याला आपण ज्या बळीची आठवण काढतो, त्याचे नाव घेऊन ज्याला ‘बळीराजा’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे, तो त्या दिवशी बहुधा गोण्यांची विचारपूस करीत असतो.

या दुकानांतून आता एक लहानसे यंत्र असते. आधारक्रमांक सांगायचा, अंगठा टेकवायचा, मगच गोणी मिळते. २०१८ पासून देशभर अशी रीत पडली आहे. विक्रीची नोंद यंत्रावर झाली म्हणजे त्या गोणीवरचे अनुदान सरकार कंपनीला देते. व्यवस्था वाईट नाही. गोण्या परस्पर भलतीकडे जाऊ नयेत, हा तिचा हेतू. स्वस्त युरिया शेतात न जाता प्लायवूडच्या डिंकात जातो, ही तक्रार फार जुनी होती, आणि २०१५ पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे लेपण सक्तीचे झाले त्याला तेही एक कारण होते. पण अंगठा टेकवणारा तो हात पाहिला की मला दुसरे खत आठवते. पूर्वी लिहिता न येणारा कुणबी सावकाराच्या कागदावर नांगराची निशाणी करी. पुढे निशाणीच्या जागी अंगठा आला. निशाणी कशाखाली केली हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा उसळला आणि पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला. त्या दंग्याची एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जमावाला सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे कागद हवे होते. जिथे खते मुकाट्याने हवाली झाली, तिथे बहुधा होळी करून लोक घरी गेले. आणि ते कर्ज तरी कशापायी झाले होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव असाच राहील या भरवशावर सावकाराने दिले, कुणब्याने घेतले, सरकारनेही सारा वाढवला. अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळला. मात्र कागदावरचा आकडा काही त्याच्याबरोबर खाली आला नाही. सुप्याच्या शेतकऱ्याने अमेरिका पाहिली नव्हती. खताचे भाव पुढे काय राहतील, असे आज कोणी विचारले तर मला हीच हकीकत सांगावीशी वाटते.

कारण आजचे खतही समुद्रापलीकडूनच येते. पालाश, म्हणजे पोटॅश, आपण जवळजवळ सगळे बाहेरून आणतो. स्फुरदाचा दगड मोरोक्को-जॉर्डनसारख्या देशांतून येतो. युरिया देशात पुष्कळ होतो खरा. पण तो ज्या वायूपासून होतो त्यातला बराचसा आता जहाजांनी येतो. २०२१ च्या ऑक्टोबरात चीनने आपल्या खतांच्या निर्यातीला तपासणीचा अडसर घातला, २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया-युक्रेनचे युद्ध पेटले, आणि जगातले खताचे बाजार भडकले. त्या २०२२-२३ सालात आपल्या केंद्र सरकारचे खतावरचे अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. नाशिकच्या शेतकऱ्याला मात्र युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच मिळत राहिली; तिला सरकारला पडणारी किंमत त्या दिवसांत दोन हजारांच्या पुढे होती. डीएपीची ५० किलोंची गोणी तेवढी १२०० वरून १३५० रुपयांवर गेली. मधला खड्डा कोणी भरला? सरकारने, असे आपण म्हणतो. सरकारकडे पैसा येतो तो आपल्याकडून आणि आपल्या नातवंडांच्या नावावर काढलेल्या कर्जातून. म्हणजे कागद इथेही आहे. अंगठा मात्र दुसऱ्याच कोणाचा आहे.

या गोणीच्या वजनाची कथा तर एखाद्या नीतिशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. पूर्वी युरियाची गोणी ५० किलोंची होती. २०१८ मध्ये ती ४५ किलोंची झाली. किंमतही त्या प्रमाणात उतरली, तेव्हा यात लबाडी नव्हती. विचार असा होता की, शेतकरी खत किलोवर मोजत नाही, ‘एकरी दोन गोण्या’ असे मोजतो. गोणी हलकी केली की युरिया आपोआप दहा टक्क्यांनी कमी पडेल. युरियाचा मूळ दर २०१२ च्या नोव्हेंबरात टनाला ५३६० रुपये असा ठरला आणि दशकाहून अधिक काळ जागचा हलला नाही. भाव वाढवण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून वजन घटवले! मुलाने लाडू कमी खावेत म्हणून आईने लाडू लहान वळावेत, तसे हे झाले. आईला ते शोभते. राज्यकर्त्याने प्रौढ माणसाशी असे वागावे का, हा प्रश्न उरतोच. आणि एवढे करून देशातला युरियाचा खप साडेतीनशे लाख टनांच्या पुढेच गेला. शेतकऱ्याला गोण्या मोजता येतात, तशी पिकाची पानेही वाचता येतात. पान पिवळे दिसले की तो तिसरी गोणी फोडतो.

तो ती का फोडतो, याचे गणित अवघड नाही. युरियात शंभरात ४६ भाग नत्र. म्हणजे गोणीत साधारण २०.७ किलो, आणि नत्राचा किलो पडतो तेरा रुपयांच्या आत. त्याच हिशेबाने स्फुरद आणि पालाश यांचा किलो पन्नाशीच्या घरात जातो. तीन औषधांपैकी एक पाव किमतीत मिळू लागले, तर गरीब घरात कोणते औषध अधिक पाजले जाईल? हे आजचे नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाश यांचे भाव मोकळे सोडण्यात आले, युरियाचा भाव सरकारच्या मुठीतच राहिला. एका वर्षात देशातल्या वापराचा तोल बिघडला. नत्र, स्फुरद, पालाश चार-दोन-एक या प्रमाणात असावेत असे सर्वसाधारणपणे मानतात. ते १९९१-९२ मध्ये सुमारे सहा-अडीच-एक होते, १९९२-९३ मध्ये साडेनऊ-सव्वातीन-एक झाले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांच्या हिशेबाने अनुदान देण्याचे नवे धोरण आले, तेव्हाही युरियाला वगळलेच. शेतकरी अडाणी म्हणून असे वागला, असे मला वाटत नाही. त्याला जो भाव सांगण्यात आला तो त्याने चोख ऐकला, इतकेच.

याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. द्राक्षबागाईतदार जी विद्राव्य खते ठिबकातून सोडतो, ती बहुतांशी अनुदानाबाहेरची. तिथे तो गोण्यांत बोलत नाही, किलोत आणि ग्रॅमात बोलतो. पानांचे देठ तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो. कोणत्या दिवशी शून्य-बावन्न-चौतीस आणि कोणत्या दिवशी शून्य-शून्य-पन्नास, याची वही ठेवतो. तोच माणूस कांद्याच्या वावरात शिरला की युरिया मुठीने फेकतो. मनुष्य एक, हात एक, वागणे दोन. पूर्ण किंमत मोजली की मोजमाप येते, असा निष्कर्ष काढून माझे काही अर्थशास्त्री स्नेही इथेच थांबतात आणि म्हणतात, ‘बघा, युरियाचाही भाव सोडून द्या, सगळे सुरळीत होईल.’

मला तिथे थांबता येत नाही. द्राक्षवाला पूर्ण किंमत मोजू शकतो, कारण बाग साधली तर त्याला परतफेडीची आशा असते. कांदेवाल्याचे तसे आहे काय?

१९८० साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी याच नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवल्या. त्या चळवळीचे म्हणणे थोडक्यात असे होते की, आम्हाला मेहरबानी नको, घामाचा मोबदला द्या. शेतमालाचा भाव धोरणाने पाडून ठेवला जातो, आणि त्यातून शेतकऱ्याचे जे जाते ते त्याला मिळणाऱ्या सवलतींहून जास्त असते. जोशींचे सगळे अर्थशास्त्र पटलेच पाहिजे असे नाही. त्यांच्या हयातीतच त्यावर पुष्कळ वाद झाले. पण या मुद्द्याला ४० वर्षांनी पुन्हा पुरावा मिळाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. लासलगावला लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी महामार्गावर आले, आणि काही आठवड्यांत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४ च्या मे महिन्यात बंदी उठली, शुल्क राहिले. ते पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. बंदी कशासाठी होती? शहरातल्या माणसाला कांदा महाग पडू नये म्हणून. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

आता दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचा. एका पानावर लिहिले आहे : शेतकऱ्याला गोणीमागे दीड-दोन हजारांची मदत. दुसऱ्या पानावर लिहिलेले नाही, पण घडले आहे : त्याच शेतकऱ्याच्या क्विंटलमागून तितकेच किंवा अधिक काढून घेतले. पहिल्या पानावर आकडा आहे, घोषणा आहे, २०२२ पासून तर गोणीवर ‘भारत’ हे एकच ठसठशीत नावही आहे. दुसऱ्यावर काही नाही. उपकार छापलेला असतो. कर्ज छापलेले नसते. खताचे अनुदान शेतकऱ्याला मिळते, हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटते. ते त्याच्या हातावरून जाते एवढे खरे. पोहोचते ते तुमच्या-माझ्या ताटात, स्वस्त भाताच्या, स्वस्त पोळीच्या आणि स्वस्त कांद्याच्या रूपाने. पुराणातला बळी देणारा होता आणि याचक बटूच्या वेषात आला होता. आपण बळीचे नाव शेतकऱ्याला दिले, आणि हिशेब लिहिताना मात्र त्यालाच याचकाच्या रकान्यात बसवले.

म्हणून जो प्रश्न मला नैतिक वाटतो तो असा : ज्याच्या मालाचे दाम आपण पाडतो, त्याला काटकसर शिकवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

या प्रश्नाचे झटपट उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते देऊन टाळ्या मिळवता येतात. पण अडचण अशी की, या व्यवहारात तिसरा एक पक्ष आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही. टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमीच पिकाच्या मुखी लागते. उरलेले हवेत जाते, विहिरीत उतरते, ओढ्याने वाहते. हवेत जाणाऱ्या नत्राचा एक अंश असा वायू होतो की, तो कोळशाच्या धुरातल्या कर्बवायूच्या पावणेतीनशे पट ऊब धरून ठेवतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे नांदूर-मधमेश्वरचा बंधारा आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात, आणि २०२० मध्ये रामसरच्या यादीत गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. तिकडे येणाऱ्या पाण्यात नाशिक शहराचे सांडपाणी असते आणि शेतांतले धुपलेले खतही. पाणवेल दोन्हींवर सारखीच पोसते. ती शहरी आणि खेडूत असा भेद करीत नाही. शेतकऱ्यावर अन्याय झाला हे खरे मानूनही, त्याची भरपाई त्याने मातीकडून आणि विहिरीकडून करून घ्यावी, असे मला म्हणता येत नाही. गहाणखतावर मालकाची सही असावी लागते; इथे गहाण पडलेल्या मालमत्तेचे मालक अजून जन्माला यायचे आहेत.

जुन्या व्यवस्थेची आठवण काढून उसासे टाकणारा मी नव्हे. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरे वावरात बसवीत. रातोरात जमीन लेंड्यांनी भरे, आणि सकाळी धान्य मोजून दिले की व्यवहार पुरा. त्या व्यवहारात घेणारा आणि देणारा समोरासमोर होते, किमतीचा कोणताच भाग तिसऱ्याच्या माथी लिहिलेला नव्हता, एवढे मला त्यात आवडते. पण त्या लेंडीखताने आजची तोंडे भरणार नाहीत, हेही तितकेच खरे. फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये हवेतल्या नत्राचा अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला, आणि आजच्या जगातली जवळजवळ निम्मी माणसे त्या शोधाच्या अन्नावर उभी आहेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्याच हाबरने १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरिनचा विषारी वायू सोडवला, आणि पुढे १९१८ चे नोबेल पारितोषिकही त्यालाच मिळाले, ते अमोनियासाठी. एकाच माणसाच्या खात्यावर इतके पुण्य आणि इतके पाप कसे मांडायचे, हे चित्रगुप्ताला सुटले असेल तर असो. आपल्या गोणीत त्याची बुद्धी आहे, एवढे लक्षात असावे.

मध्यंतरी निफाड तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर खताच्या दुकानात जाण्याचा योग आला. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. दुकानदाराने युरियाच्या गोण्यांबरोबर एक बाटली पुढे सरकवली. ‘हे घ्यावं लागेल नाना, वरून लिंकिंग आहे.’ लिंकिंग म्हणजे हव्या त्या मालाच्या गळ्यात नको तो माल बांधणे. सवलतीचा भाव जिथे खूप खाली असतो, तिथे हा जोडधंदा आपोआप उगवतो. नाना चिडले नाहीत. त्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि पैसे मोजले. बाहेर आल्यावर मी त्यांना माझे शहाणपण ऐकवले : माती तपासा, युरिया थोडा कमी टाका, शेणखत वाढवा. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘साहेब, तुम्ही म्हणता ते खरंच आहे. मी एक गोणी कमी टाकली आणि उतारा चार क्विंटलनं घटला, तर ते चार क्विंटल तुम्ही देणार का? आणि उतारा भरपूर आला, भाव पडला, तर मग तुम्ही मला काय शिकवाल?’

नानांच्या या दोन प्रश्नांत मला खताच्या मागणीचे सगळे भवितव्य दिसते. तिसरी गोणी त्यांना खत म्हणून लागत नाही. विमा म्हणून लागते. ज्या पिकाचा भाव एका अधिसूचनेने निम्मा होऊ शकतो, तिथे शेतकऱ्याच्या हाती राहते ते फक्त वजन. भाव हाती नाही, तर क्विंटल तरी वाढवू, असे तो म्हणतो. आणि विमा २६६ रुपयांना मिळत असेल तर तो न उतरवणाराच वेडा. तेव्हा युरिया स्वस्त आहे तोवर मागणी घटणार नाही. कांद्याचा भाव बेभरवशाचा आहे तोवर कोणतेही सरकार युरिया महाग करण्याचे धाडस करणार नाही. आणि शहरातला खाणारा ताटातला कांदा महाग झाला की ओरडतो तोवर कांद्याचा भाव बेभरवशाचाच राहील. २०२५ च्या खरिपात अनेक राज्यांत युरियासाठी रांगा लागल्या, त्या वेळी चीनकडून येणाऱ्या मालाची आणि जहाजांची चर्चा झाली. ती खरीच होती. पण रांगेचे दुसरे टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे, असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानांवर आले नाही.

सोडवायचे तर कुठून सोडवायचे? माझे मत असे की, आधी भावापासून. युरियाचा भाव हळूहळू, पाच-सात वर्षांत, खऱ्या किमतीकडे न्यावा. वाचलेला पैसा एकरी हिशेबाने शेतकऱ्याच्या हाती रोख द्यावा, म्हणजे त्याने गोणी घ्यावी, शेणखताची ट्रॉली घ्यावी की मेंढरे बसवावीत हे त्याचे त्याने ठरवावे. आणि याच्या आधी, बरोबर नव्हे, आधी, निर्यातीची दारे रातोरात बंद करण्याची सवय सोडावी. क्रम उलटा केला, खत आधी महाग केले आणि कांद्याचा भाव आपल्याच मुठीत ठेवला, तर ती सुधारणा १८७५ च्या सावकाराच्या जातीची ठरेल. यात खंडाने शेती करणाऱ्याच्या हाती रोख पैसा कसा पोहोचायचा, हा प्रश्न मोठा आहे. सात-बारावर त्याचे नाव नसते, आणि गोणी मात्र तोच विकत घेतो. त्याची सोय लावल्याशिवाय हा बेत मीही कोणाच्या गळ्यात मारणार नाही.

आणि खाणाऱ्याने? कांदा एका हंगामात महाग झाला तर थोडा कमी चिरावा, इतकेच मी मागतो. हे बोलणे सोपे आहे, कारण माझ्या घरी ते परवडते. ज्या घरी परवडत नाही, त्या घरासाठी सरकारने पैसा खर्च करावा. तो नाशिकच्या वाफ्यातून वसूल करू नये.

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा निफाडकडे उन्हाळ कांद्याची रोपे बोटभर झालेली असतील. डिसेंबर-जानेवारीत ती वावरात लागतील, त्यांना पहिली गोणी तेव्हा पडेल आणि दुसरी त्यानंतर महिनाभराने. कांदा निघेल मार्च-एप्रिलमध्ये, मग चाळीत चढेल. नानांनी बाटलीसकट सगळे खत आणून पडवीत रचून ठेवले आहे. बाटलीचे काय करायचे, ते अजून त्यांचे ठरलेले नाही.